उतरण्यापुरती सायकल

अख्ख्या पुण्यात सायकलला फिरायला नेणारा माणूस एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे लोक सायकलवरून फिरतात. आमचे दाजी सायकल घेऊन फिरतात. कसबा पेठेत त्यांच्या शेजारच्या इमारतीतले एक साहेब संध्याकाळी कुत्र्याला घेऊन बाहेर पडत आणि दाजी सायकलला घेऊन. कोपऱ्यावर गाठ पडली की दोघं एकमेकांच्या जनावराची चौकशी करत. दाजींना सायकल चालवता येत नव्हती असं नाही. उत्तम येत होती. ऐन उमेदीत ते त्याच सायकलवरून पिंपरीच्या कारखान्यात जात आणि संध्याकाळी परत येऊन मंडईत भाजी घेत. अडचण होती ती त्यांच्या एका शिस्तीची. समोरून वडीलधारं माणूस आलं की सायकलवरून उतरायचं, असं त्यांना लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं आणि पुढे कुणीही त्यांना त्या शिस्तीतून मोकळं केलं नाही. त्यातून कसबा पेठ म्हणजे पावलोपावली ओळख. वयाने मोठा दिसला की उतर, नात्याने मोठा दिसला की उतर. मानाने काका लागणारा एक शाळकरी पोरगा तिथे राहायचा, त्याच्यासाठीही दाजी उतरत आणि तो पोरगा लाजून पळून जाई. एकदा उतरलं की लगेच पुन्हा चढून चालू पडणं बरं दिसत नाही, म्हणून चार पावलं त्या माणसाबरोबर चालायचं. ती चार पावलं संपेपर्यंत पुढचा भेटे. त्यामुळे त्या सायकलीच्या सीटचं कातडं कोरं राहिलं होतं आणि हँडलच्या मुठींचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं.

दाजींची दुसरी खोड म्हणजे ते बसत नाहीत. माझ्या लग्नात पंगतीला बसलेलं मी त्यांना पाहिलं, ते अपवाद म्हणून. हयात लेथ मशीनवर गेलेली. उभ्याने काम करणाऱ्याला बसलेला माणूस जरा संशयास्पदच वाटतो. नारायण पेठेत माझ्याकडे आले की खुर्चीच्या पाठीमागे उभे राहायचे, दोन्ही कोपरं तिच्या पाठीवर टेकायची, कमरेत वाकायचं आणि अख्खी संध्याकाळ बोलायचं. आमच्या हिने सुरुवातीची काही वर्षं 'बसा ना, बसा ना' केलं. मग तिने नाद सोडला आणि त्यांचा चहा सरळ फ्रिजच्या डोक्यावर ठेवायला लागली. रस्त्यात तर बसणं नावच नको. कट्टा, दुकानाची पायरी, बागेतलं बाकडं, सगळं वर्ज्य. "न बोलावता बसणारा माणूस उठवल्याशिवाय उठत नाही," असं ते म्हणत आणि म्हणताना माझ्या सोफ्याकडे बघत, ज्यावर बहुतेक वेळा मी असे.

कारखान्याने पुढे एकदा सगळ्या जुन्या कामगारांना स्वतःच्या इच्छेने निवृत्त व्हायला सांगितलं. ती इच्छा त्यांना व्हावी म्हणून साहेबांनी प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. दाजींनी टेबलावर वाकून उभ्यानेच सही केली आणि येताना हँडल धरून चालत आले. त्याच सुमारास माझा भाचा इंजिनियर झाला आणि हिंजवडीला लागला. तिथे दिवसभर बसून पगार मिळतो, हे दाजींना अजून पटलेलं नाही. भाच्याच्या खुर्चीला चाकं आहेत असं कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे उठायचं कारणच ठेवलं नाही."

आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना मशीन वाटते. मिक्सर बिघडला की त्याला कान लावतील, पंखा कुरकुरला की खाली उभं राहून डोळे मिटून ऐकतील. माणसाचंही तेच. माझं पित्त वाढलं होतं तेव्हा त्यांनी "कूलंट बदला, पाव्हणं" असा सल्ला दिला होता. बायकोच्या भावाला पाव्हणं म्हणायचं, मग तो भाऊ चार गल्ल्या पलीकडे राहत असेना का आणि रोज येत असेना का, हीही त्यांची शिस्तच.

आठवड्यातून एकदा मात्र ती सायकल खरोखर चालायची. दर रविवारी सकाळी दाजी येरवड्याला जात. तिथे त्यांचे वस्ताद राहायचे. पोरसवदा दाजींना लेथसमोर उभं करून ज्यांनी काम शिकवलं, ते हे वस्ताद. जुना बाजार ओलांडला की ओळखीची माणसं संपत. मग दाजी सीटवर बसत आणि बंडगार्डनचा पूल ओलांडून वस्तादांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उतरत. गल्लीत सायकलवरून शिरायचं नाही. वस्ताद तेव्हा फार म्हातारे झाले होते, दिसायचंही अंधुक. पण काठी घ्यायला तयार नव्हते. काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी, असं त्यांचं मत होतं. दाजींनी त्यावर एक युक्ती काढली होती. दारात जाऊन "जय भीम वस्ताद" करायचं आणि म्हणायचं, "जरा मागून धरता का? गाडी ओढ खातीय." वस्ताद उठायचे, सायकलचं कॅरिअर धरायचे आणि पुढे दाजी, मध्ये सायकल, मागे वस्ताद अशी वरात वस्तीतून फिरून चौकापर्यंत जाऊन यायची. आठवड्यात वस्ताद घराबाहेर पडत ते एवढंच. आपण पोराची गाडी सरळ ठेवतोय, अशी त्यांची समजूत होती. हे पोर साठीच्या पुढे गेलेलं होतं.

मग पुण्यात मोटारी आल्या. म्हणजे आधीही होत्या, पण त्या कुणाच्या तरी असत. आता सगळ्यांच्या झाल्या. भाच्यानेही घेतली. एका रविवारी स्टेशनच्या पुढे एका बसने दाजींना चाटून जायचं तेवढं बाकी ठेवलं आणि नेमकं ते कुणीतरी पाहून भाच्याच्या कानावर घातलं. त्याने त्याच दिवशी सायकल उचलून गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. किल्ली त्याच्या खिशात, त्यामुळे ती रोज हिंजवडीला जाऊन येऊ लागली. बदल्यात त्याने दाजींना परदेशी कंपनीचे पांढरेशुभ्र बूट आणून दिले. "पप्पा, डेली वॉक घ्या. फ्रेश वाटेल." दाजींनी बुटांकडे पाहिलं, सोल दाबून बघितले, पण किल्ली मागितली नाही. मागणं त्यांच्या स्वभावात नाही. मला तर या प्रकरणात पडायचंच नव्हतं. माझा स्वभाव बाजूला उभं राहून बघण्याचा आहे. म्हणून दोन्ही पक्ष माझ्याकडे येऊन दुसऱ्याविषयी बोलतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजींचा पाय दुखायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. निघताना काही नसे. गल्लीचं टोक आलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ सुरू व्हायची, पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या. मग दाजी थांबत. रस्त्याकडेला लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर दोन्ही कोपरं टेकून वाकून उभे राहात आणि तिचा स्पीडोमीटर वाचत. जरा वेळाने पुढे निघत आणि पुढच्या स्कूटरपर्यंत जात. पेठेत लवकरच बोभाटा झाला की दाजी सेकंडहँड गाडी बघतायत. दोघातिघांनी येऊन आपापल्या गाड्यांच्या किमतीही सांगितल्या.

घरात दोन पक्ष पडले. भाच्याने इंटरनेटवरून कागदांची चळत छापून आणली आणि जाहीर केलं की हे रक्ताभिसरणाचं दुखणं आहे; पायाच्या रक्तवाहिन्या आतून चिंचोळ्या झाल्यात, पप्पांनी तरुणपणी विड्या ओढल्या त्याचं हे फळ. ताईचं मत वेगळं होतं. "रक्त नाही आणि बिक्त नाही," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यांचा पाय दुखतच नाहीये. सायकल काढून घेतली म्हणून पाय रुसलाय." दाजी ओट्याला रेलून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, दोनच गोष्टी असू शकतात. तेलाची लाईन चोकअप झाली असंल, नाहीतर करंटची वायर कुठंतरी दबली असंल. मशीन दोन्हीनं बंद पडतं. उघडून बघितल्याशिवाय कळत नाय." उघडून बघण्याचा विषय निघाल्याबरोबर ताईच्या हातातली भाकरी फाटली.

घरच्या डॉक्टरांनी विचारायचं ते बरोबर विचारलं. मी समोर होतो. ते म्हणाले, "चालताना दुखतं. मग थांबल्यावर जातं का?"

"जातं," दाजी म्हणाले.

"बसावं लागतं, की नुसतं थांबलं तरी पुरतं?"

"मी बसत नाही," दाजी जरा दुखावून म्हणाले. "थांबतो."

डॉक्टरांनी मान हलवली. नुसतं थांबून जातं म्हणजे रक्तपुरवठ्याची शंका घ्यायला हवी, असं म्हणून त्यांनी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. भाचा घरी येऊन ताईला म्हणाला, "बघ." कदाचित नळीत जाळी बसवावी लागेल, असंही त्याने वाचून ठेवलं होतं. दाजी त्या रात्री जेवले नाहीत. जाळीची भीती त्यांना नव्हती. त्यांनी मला जिन्यात गाठून एवढंच विचारलं, "हे सगळं उरकेपर्यंत रविवार किती जातील?"

तपासणीच्या आधीच्या रविवारी भाच्याने आम्हा दोघांना मोटारीत घालून येरवड्याला नेलं. तो मुलगा मनाने चांगला आहे. वडिलांचा जीव कशात आहे हे त्याला कळत होतं, फक्त तो जीव मोटारीने पोहोचवता येईल असं त्याला वाटत होतं. वस्ताद दारातच बसलेले होते. मोटारीचं दार वाजलं तसे त्यांनी कान टवकारले. दाजींनी "जय भीम वस्ताद" केलं.

"मोटारीनं आला व्हय रं पोरा? आजारी हायेस का?"

"नाय वस्ताद. पोरानं गाडी घेतली, ती दाखवायला आणली."

"ब्येस केलं." मग वस्ताद उठले. एक हात भिंतीला, आणि दुसरा हात त्यांनी हवेत पुढे केला, जिथे कॅरिअर असायला हवं होतं तिथे. तो हात थोडा वेळ चाचपडला. दाजींनी पटकन आपला खांदा पुढे केला, पण वस्तादांनी तो ओळखला आणि हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. तुझी गाडी न्हाई, तर मी काय धरू?" असं म्हणून ते पुन्हा खाली बसले. त्यांच्या सुनेने सांगितलं, चार-दोन रविवार झाले, सकाळी तयार होऊन बसतात आणि दुपारी टोपी काढून ठेवतात. मी अशा गोष्टींनी सहसा हलत नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. येताना भाच्याने मोटारीत रेडिओही लावला नाही.

तज्ज्ञांचं हॉस्पिटल नवं, मोठं आणि काचेचं होतं. कागदावर 'चालताना त्रास' असं वाचून तिथल्या माणसाने दाराशीच चाकांची खुर्ची आणली. दाजींनी खुर्चीकडे असं पाहिलं की तो माणूस एक पाऊल मागे सरला. "मी बसत नाही," ते म्हणाले. आता खुर्ची आलीच आहे तर रिकामी कशाला न्यायची, या विचाराने त्यांनी ताईला खूण केली. ताईचे गुडघे दुखतातच. ती पदर सावरून ऐटीत बसली आणि मला म्हणाली, "चला, किती वर्षांनी ह्यांनी मला कुठंतरी नेलं." दाजींनी दोन्ही मुठी धरल्या, कमरेत वाकले आणि निघाले. तो लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या शेवटी वळण, मग दुसऱ्या इमारतीत जाणारा चढ. मी आणि भाचा मागे राहिलो. दाजी पुढे 'डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय' असं ताईला सांगत झपाझप चालले होते. कसब्यात गल्लीचं टोक न गाठणारा माणूस त्या चढावर आमच्या आधी पोहोचला.

आमच्या मागून एक तरुण डॉक्टरीणबाई येत होत्या. तपासणीच्या खोलीत आम्ही शिरलो आणि त्याच आत आल्या. "पेशंट कोण?" त्यांनी ताईला विचारलं. ताईने बसल्या जागेवरून अंगठ्याने वर दाखवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दाजींना आडवं केलं, पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवून नाडी बघितली, मग घोट्याच्या मागे, मग गुडघ्यामागे. पाऊल गार आहे का ते हात लावून पाहिलं. "नाडी छान लागतेय, काका. पाय गरम आहेत. बरं, आत्ता एवढं चालत आलात, दुखलं?"

दाजींनी विचार केला. मिस्त्री यायच्या आत मशीन आपोआप सुरू झालं की मालकाची होते तशी त्यांची पंचाईत झाली. "नाही," ते म्हणाले.

बाई त्यांना बाहेर घेऊन गेल्या आणि त्याच कॉरिडॉरमधून रिकाम्या हाताने चालायला लावलं. निम्म्यावर दाजी म्हणाले, "आलं." त्यांचा हात सवयीने कठड्याकडे गेला. "नाही काका, कशाला टेकायचं नाही. ताठ उभे राहा." दाजी ताठ उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे बघत होतो. कपाळावर घाम आला, पण कळ जाईना. "आता वाका. कठडा धरा." दाजी वाकले आणि जरा वेळाने त्यांचा चेहरा सैल झाला. "गेलं," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा मला ते कशाने तरी चकित झालेले दिसले.

मग बाईंनी आम्हाला समजावलं. रक्तपुरवठा कमी पडत असता तर नुसतं ताठ उभं राहिलं तरी पाय शांत झाला असता. वाकण्याशी त्याला देणंघेणं नसतं. खुर्ची ढकलत चढ चढताना तर जास्तच दुखलं असतं, आणि पावलाची नाडी अशी लागली नसती. हे दुखणं कमरेतलं आहे. वयाने मणक्यांमधली जागा अरुंद होते, तिथून पायाकडे जाणाऱ्या नसा दबतात. ताठ उभं राहिलं, चाललं की जागा आणखी आवळते. पुढे वाकलं किंवा बसलं की मोकळी होते. खात्रीसाठी त्यांनी घोट्याचा रक्तदाब मोजला, तो ठीक आला. पुढे कमरेचा फोटो काढला, त्यातही तेच दिसलं. पण मूळ निकाल कॉरिडॉरमध्येच लागला होता.

"म्हणजे तेलाची लाईन चांगली आहे," दाजी म्हणाले. "वायर दबलीय."

"अगदी बरोबर. काका, आधी कधी असं वाकून, काहीतरी धरून चालायचात का?"

सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने छताकडे पाहिलं.

"पण पप्पा," तो शेवटी म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना, थांबलं की बरं वाटतं!"

"वाटतंच. मी नीट थांबतो."

"नीट म्हणजे?"

"कशावर तरी रेलून. तुम्ही लोक कसे थांबता?"

ताई अजून चाकांच्या खुर्चीतच होती. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझं कोण ऐकतंय? इंटरनेटवर नव्हतं ना ते."

त्या संध्याकाळी भाच्याने कुलूप काढलं. सायकल टाकीजवळच्या ओलीने जरा गंजली होती. त्याने ऑफिसचे कपडे न बदलता ती आपल्या रुमालाने पुसली आणि उचलून खाली आणली. वडिलांच्या हातात देण्याआधी चाकांत हवाही त्यानेच भरली. कमरेच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले, फार वाढलं तर ऑपरेशनचं बघू म्हणाले. सायकल चालवायलाही त्यांची हरकत नव्हती; भाच्याची होती. शेवटी असा तह झाला की रस्त्यावर सायकल हातात धरायची, बसायचं नाही. दाजींच्या दृष्टीने यात नवीन काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते सायकल हातात धरून कसब्यातून येरवड्यापर्यंत चालत गेले. जायलाच सकाळ संपली. वस्तादांनी टोपी काढून ठेवली होती, ती पुन्हा घातली. "गाडी ओढ खातीय, वस्ताद," दाजी म्हणाले. वस्तादांनी कॅरिअर धरलं, चार पावलं चालले आणि म्हणाले, "कुरकुरतीय पण. त्याल घाल." हे मला दाजींनी स्वतः सांगितलं, फ्रिजवरचा चहा पिता पिता, आणि दोनदा सांगितलं.

त्यानंतर वस्तादांना बरेच रविवार मिळाले. मग एका हिवाळ्यात ते गेले. शांतपणे गेले. सगळं उरकल्यावर जो रविवार आला, त्या दिवशी सकाळी ताईचा मला फोन आला. "हे निघालेत. मी काही विचारलं नाही. तू जातोस का बरोबर?" मी जुन्या बाजारापाशी त्यांना गाठलं. बंडगार्डनच्या पुलापर्यंत आम्ही कारखान्याविषयी बोललो. वस्तादांची गल्ली आली. दाजी गल्लीच्या तोंडाशी थांबले, पुढे-मागे पाहिलं आणि मला काही कळायच्या आत टांग टाकून सीटवर बसले. जिथे जन्मभर कधी सायकलवरून शिरले नाहीत त्या गल्लीत ते डगमगत पायडल मारत गेले आणि वस्तादांच्या बंद दारासमोर उतरले. स्टँड लावला. जरा वेळ हँडलवर वाकून उभे राहिले.

मी मागून धापा टाकत पोहोचलो. "दाजी, अहो, बसायचं नाही असं ठरलंय ना?"

"माहितीये," ते म्हणाले. "पण वस्तादांच्या दारात आलो. बसलोच नाही तर उतरणार कसा?"

दाराची कडी त्यांनी वाजवली नाही. थोड्या वेळाने स्टँड काढला आणि आम्ही परत फिरलो. गल्लीच्या बाहेर आल्यावर ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, जरा मागून धरता का? गाडी ओढ खातीय."

गाडी अगदी सरळ चालली होती. मी कॅरिअर धरलं.